रमाबाईंना कमी ऐकू यायचे

मैत्रिणींनो, हातातले काम चालू ठेवा. शेंगा फोडत असाल तर फोडा, भाकरी थापत असाल तर थापा. आमचे बोलणे तेवढे कानावर पडू द्या.

आपल्या भागातल्या ख्रिस्ती बायांच्या एका गटाने आम्हाला विचारले होते, "देवाचं ऐकावं, देवाचं ऐकावं असं पाळक सांगतात. पण देव काही फोन करून बोलत नाही. मग ऐकायचं कसं?" प्रश्न आम्हाला आवडला. उत्तर द्यायला आम्ही कोणी धर्मगुरू नाही. पण आपल्याच महाराष्ट्रात एक बाई होऊन गेल्या, त्यांचे सगळे आयुष्य या एका प्रश्नाभोवती फिरले. पंडिता रमाबाई. पुणे-दौंड रस्त्याला केडगाव आहे, तिथे त्यांचे मुक्ती मिशन आजही आहे. तुमच्यापैकी काहीजणी आगगाडीतून जाताना त्या स्टेशनावरून गेल्याही असतील.

त्यांच्याबद्दल शाळेच्या पुस्तकात चार ओळी असतात: विद्वान होत्या, विधवांसाठी शारदा सदन काढले, ख्रिस्ती झाल्या. एक गोष्ट मात्र फारशी कोणी सांगत नाही. रमाबाईंना कमी ऐकू यायचे. १८८३ साली त्या इंग्लंडला गेल्या त्या डॉक्टर व्हायला, पण कान साथ देईनात. वर्गातले नीट ऐकू येत नाही म्हटल्यावर डॉक्टरकीचे शिक्षण सुटले ते सुटलेच. ऐकण्याचा हा त्रास पुढे जन्मभर राहिला. आणि आम्ही आज ऐकण्याची गोष्ट सांगतो आहोत ती नेमकी त्यांची.

आता थोडे मागे जाऊ. रमाबाई १८५८ साली जन्मल्या, कर्नाटकातल्या गंगामूळच्या रानात. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे संस्कृतचे मोठे पंडित. त्यांनी आपल्या बायकोला, लक्ष्मीबाईंना, संस्कृत शिकवले. त्या काळी हे मोठे धाडस होते, शास्त्री-पंडितांनी त्यांना जाबही विचारला. पुढे आईने मुलीला शिकवले. कसे, तर पहाटे उठवून, जवळ घेऊन, तोंडाने सांगत. पोरीने ऐकायचे, म्हणायचे, पुन्हा ऐकायचे. पाटी नाही, पुस्तक नाही. भागवताचे अठरा हजार श्लोक त्यांना पाठ होते असे सांगतात. म्हणजे ऐकून शिकणे काय असते हे या बाईला बाळपणापासून ठाऊक होते. आपल्या आज्या ओव्या शिकल्या त्याही अशाच की!

घर असे नव्हतेच. आईबाप, भाऊ, बहीण आणि रमा, सगळे तीर्थक्षेत्रे पायी फिरत. देवळात किंवा घाटावर बसून पुराण वाचायचे, लोक येऊन बसत, फुले, फळे, धान्य, पैसे ठेवत, त्यावर पोट चाले. पण पुराण वाचले जाई संस्कृतात. रमाबाईंनी पुढे आपल्या आठवणींत लिहिले आहे की ऐकणाऱ्यांना त्यातले बहुतेक काही कळत नसे. शब्द कानावर पडले की पुण्य लागते, एवढा भाव. अर्थ सांगायची गरज वाचणाऱ्यालाही वाटत नसे. आम्हाला वाटते, रमाबाईंच्या मनात हे कुठेतरी सलत राहिले. लोक तासन्‌तास बसून ऐकत होते आणि त्यांच्या हाती अर्थ काही लागत नव्हता.

मग दुष्काळ आला. १८७४ च्या सुमारास वडील गेले, मागोमाग आई, मग बहीण. उपासमारीने गेले. आईसाठी बाजरीच्या भाकरीचा तुकडा मागायला सोळा-सतरा वर्षांची रमा शेजारच्या दारात गेली होती. लाजेने शब्द फुटेना. ही आठवण लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

भाऊबहीण चालत चालत १८७८ साली कलकत्त्याला पोचले. तिथे विद्वानांनी परीक्षा घेतली आणि 'पंडिता' आणि 'सरस्वती' अशा पदव्या दिल्या. त्याच शहरात ही दोघे पहिल्यांदा ख्रिस्ती लोकांच्या मेळाव्यात गेली. सगळे उठले आणि खुर्च्यांकडे तोंड करून गुडघ्यांवर बसले. रमाबाईंना वाटले, हे लोक खुर्च्यांची पूजा करतात! कोणीतरी संस्कृतातले बायबल हाती दिले. एवढी संस्कृतची पंडिता, पण तिला ते उलगडेना. त्यातले संस्कृत तिच्या ओळखीचे नव्हते. म्हणजे पुराण ऐकणाऱ्या गावकऱ्यांची जी गत, तीच आता हिची झाली.

इथे जरा आडवाटेने गोव्याला जाऊन येऊ, कारण ही अडचण जुनी आहे. थॉमस स्टीफन्स नावाचा इंग्रज पाद्री १५७९ साली गोव्यात आला. पोर्तुगीज सत्तेने साष्टीतली देवळे त्याआधीच पाडली होती. लोकांना ख्रिस्ती केले होते, काहींना राजीखुशीने, पुष्कळांना धाकाने. १५८३ साली कुंकळ्ळीच्या गावकऱ्यांनी पाच पाद्र्यांना मारले, तर पोर्तुगीजांनी तिथल्या गावप्रमुखांना बोलणी करायला म्हणून बोलावून ठार केले. एकमेकांचे ऐकून घेणे म्हणजे काय, ते या काळाला माहीत नव्हते असे म्हणावे लागते. स्टीफन्स याच भागात राहिला, आणि त्याने निदान भाषा तरी कान देऊन ऐकली. त्याच्या ग्रंथाच्या सुरुवातीला एक प्रसंग आहे. रविवारी देवळात मुलांना धर्मशिक्षण चालले असताना एक ब्राह्मण येऊन म्हणतो, आमची जुनी पुराणे तुम्ही बंद केलीत, मग त्यांच्या जागी आम्हाला ऐकायला दुसरे पुराण का देत नाही? हा प्रश्न स्टीफन्सने मनावर घेतला. मराठीत, कोकणीचे शब्द मिसळून, अकरा हजारांच्या आसपास ओव्यांचे 'ख्रिस्तपुराण' रचले. १६१६ साली ते रायतूरला छापले. लोक बसून ऐकू लागले. पिढ्यान्‌पिढ्या ऐकले. १६८४ साली पोर्तुगीज सरकारने लोकांची बोली मोडून काढण्याचा हुकूम काढला, तरी गोव्यातून मंगळूरकडे गेलेल्या ख्रिस्ती कुटुंबांनी या ओव्या सांभाळल्या.

रमाबाईंना या ग्रंथाने काही दिले असे आम्ही म्हणत नाही. सांगायचे एवढेच की अर्थ कळेल असे काहीतरी ऐकायला द्या, हे मागणे तीनशे वर्षे तसेच होते.

आता परत रमाबाईंकडे. १८८० साली त्यांनी बिपिन बिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी लग्न केले. जातीबाहेरचे लग्न. मुलगी झाली, मनोरमा. १८८२ साली नवरा पटकीने गेला. चोविसाव्या वर्षी विधवा झालेली ही बाई कडेवर लेक घेऊन पुण्यात आली आणि आर्य महिला समाज काढून बायकांसाठी बोलू लागली. त्याआधीच घरात लूकच्या शुभवर्तमानाचे बंगाली पुस्तक त्यांच्या हाती लागले होते, आणि ते त्यांनी आवडीने वाचले होते.

इंग्लंडात त्या वाँटेज गावच्या ख्रिस्ती भगिनींच्या आश्रमात राहिल्या. त्या भगिनींनी एकदा त्यांना लंडनजवळ फुलहॅमला नेले. तिथे समाजाने वाईट चालीच्या म्हणून हाकललेल्या बायकांना भगिनी सांभाळत होत्या. त्यांना जेवू घालत, आजारपण काढत, प्रेमाने बोलत. रमाबाई थक्क झाल्या. आपल्याकडे अशा बाईला दारात उभे करत नाहीत, मग हे लोक असे का वागतात, असे त्यांनी एका भगिनीला विचारले. त्या भगिनीने प्रवचन दिले नाही. योहानाच्या शुभवर्तमानातला चौथा अध्याय वाचून दाखवला.

ती विहिरीवरची गोष्ट आहे. तुम्हाला लगेच कळेल. ऐन दुपारी एक शोमरोनी बाई पाणी भरायला आली. शोमरोनी म्हणजे यहुदी ज्यांच्या हातचे पाणी पीत नसत त्या समाजातली. त्यात तिचे पाच नवरे होऊन गेलेले, आणि आता होता तोही तिचा नवरा नव्हे. दमलेला येशू तिथे बसला होता, त्याने तिच्याकडे पाणी मागितले. आणि मग तिच्याशी बोलत बसला, देवाची उपासना कुठे करावी, कशी करावी, अशा मोठ्या गोष्टी. तिच्या प्रश्नांना त्याने उत्तरे दिली. शिष्य परत आले तर त्यांना नवल वाटले, हा बाईशी बोलतो आहे! ती घागर तिथेच टाकून गावात पळाली आणि सगळ्या गावाला बोलावून घेऊन आली.

रमाबाई लिहितात की हे ऐकल्यावर त्यांचे मन वळले. बघा, वर्गातले ऐकू न येणाऱ्या बाईला नेमके हे ऐकू आले. धर्मशास्त्रे त्यांनी ढिगाने वाचली होती, आणि बाईच्या जातीबद्दल वाईट बोलण्यात ती सगळी एकमताची आहेत असे त्यांना दिसले होते. इथे पहिल्यांदा देव एका नाकारलेल्या बाईचे ऐकून घेताना दिसला. २९ सप्टेंबर १८८३ रोजी त्यांनी लेकीसह बाप्तिस्मा घेतला. पुण्यात केवढा गहजब झाला ते सांगायला नको.

इथे गोष्ट संपली असे पुष्कळांना वाटते. आम्हाला तर वाटते खरी इथून सुरू होते. कारण आता आश्रमातल्या मोठ्या भगिनी, बिशप, पाद्री, सगळे सांगू लागले की देवाचे ऐकायचे म्हणजे आमचे ऐकायचे. चेल्टनहॅमच्या मुलींच्या कॉलेजात रमाबाई शिकत होत्या, संस्कृत शिकवतही होत्या. तिथे त्यांनी तरुण मुलग्यांना शिकवायचे की नाही, यावर बिशपांनी हरकत घेतली. हिंदुस्थानात गेल्यावर बाईचे नाव खराब होईल म्हणे! ज्या बाईने कलकत्त्यात पंडितांच्या सभेत भाषणे केली तिला हे सांगत होते. रमाबाईंनी सिस्टर जेराल्डिन या आपल्या धर्ममातेला १८८५ साली लांबलचक पत्रे लिहिली. त्यांत त्यांनी कळवले की पुरोहितांचे एक जोखड मोठ्या कष्टाने मानेवरून उतरवले आहे, आता दुसरे घालून घेणार नाही. देवाने मला विवेक दिला आहे, बुद्धी दिली आहे, विचार मीच करीन. येशूबद्दल, त्रैक्याबद्दल त्यांच्या मनात शंका होत्या, त्याही लपवल्या नाहीत. सिस्टर जेराल्डिन रागावल्या, ही पोर गर्विष्ठ आहे असे त्यांना वाटले. कॉलेजच्या प्रमुख डोरोथिया बील यांनी मात्र शांतपणे एकेका शंकेवर पत्रे लिहिली.

आमचे मत विचाराल तर गर्व नव्हे, ही ऐकण्याचीच रीत होती. जो माणूस देवाच्या नावाने बोलतो त्याचे ऐका, जरूर ऐका, पण तो स्वतः देव नाही हे विसरू नका. आपल्या गटातसुद्धा कोणी येऊन म्हणते, देवाने मला स्वप्नात सांगितले, एवढे पैसे द्या. तेव्हा रमाबाईंची पत्रे आठवावीत. बायबलात शमुवेल नावाच्या पोराची गोष्ट आहे. रात्री त्याला हाक ऐकू येते आणि तो धावत म्हाताऱ्या एली याजकाकडे जातो, तुम्ही बोलावलेत का? एकदा नाही, तीनदा. हाक कोणाची हे ओळखायला त्याला वेळ लागला. त्यात काही कमीपणा नाही. एली म्हाताराही शहाणा, मीच बोलावले असे तो म्हणाला नाही.

परत आल्यावर, ११ मार्च १८८९ रोजी, रमाबाईंनी मुंबईला चौपाटीजवळ शारदा सदन उघडले, पुढच्या वर्षी ते पुण्याला आणले. तिथे बालविधवा शिकत. कोणाला ख्रिस्ती करायचे नाही असे ठरले होते. पण रमाबाई आपल्या खोलीत सकाळी प्रार्थना करत, तेव्हा दार उघडे असे. मुली येऊन बसू लागल्या. ऐकू लागल्या. १८९३ साली यावरून वादळ उठले. न्यायमूर्ती रानडे, डॉक्टर भांडारकर यांच्यासारखे हितचिंतक सल्लागार मंडळातून बाहेर पडले, पालकांनी मुली काढून नेल्या. कोणाचे बरोबर? दार उघडे ठेवणे हा रमाबाईंचा हक्क होता असे आम्हाला वाटते. पण ज्या पोरींना त्यांच्याशिवाय आसरा नाही, त्यांना त्या दाराची ओढ वाटणारच, हे रानड्यांचे म्हणणेही उडवून लावण्याजोगे नाही. तुम्ही आपापल्या गटात यावर बोला.

स्वतः रमाबाई मात्र म्हणत की बाप्तिस्म्यानंतर बरीच वर्षे आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त सापडला नव्हता. तो १८९१ च्या सुमारास, पुण्यातल्या या धामधुमीत, सापडला असे त्या सांगतात. त्यानंतर त्यांच्या लिहिण्यातला वाद कमी होतो, प्रार्थना वाढते.

१८९६ साली मध्य प्रांतात दुष्काळ पडल्याच्या बातम्या आल्या. सदनात पैसा नव्हता, जागा नव्हती. पण वीस वर्षांपूर्वीची ती बाजरीची भाकरी त्यांना बसू देईना. लोक देवाच्या हाकेबद्दल विचारतात, तेव्हा आम्हाला ही भाकरी आठवते. आभाळातून काही आवाज आला नाही. स्वतः भोगलेली भूक दुसऱ्याच्या भुकेच्या बातमीत त्यांना ऐकू आली, आणि त्यांनी ती देवाची हाक मानली. त्या स्वतः गेल्या. उपाशी, आजारी, काही तर माणसांच्या बाजारात विकल्या जाण्याच्या बेतात असलेल्या तीनशेच्या आसपास बाया-मुली घेऊन आल्या. पुण्यात प्लेग, सरकार एवढी माणसे शहरात राहू देईना, म्हणून त्यांना केडगावच्या शेतावर नेले. झाडाखाली, झोपड्यांत, मग चार भिंतींत. तेच मुक्ती सदन. १९०० च्या दुष्काळानंतर तिथे दोन हजारांच्या घरात माणसे होती. विहिरी खणल्या, शेती केली, हातमाग टाकले, छापखाना घातला. आंधळ्या मुलींना मनोरमाबाईंनी ब्रेलची उठावाची अक्षरे बोटांनी वाचायला शिकवली.

मुक्तीतली १९०५ ची हकिगत जगभरच्या ख्रिस्ती लोकांत प्रसिद्ध आहे. त्या वर्षी रमाबाईंनी मुलींना रोज एकत्र प्रार्थनेला बोलावले. सुरुवातीला सत्तर आल्या, पुढे साडेपाचशे. जून संपता संपता एके दिवशी त्या नेहमीसारख्या शांतपणे योहानाचा आठवा अध्याय समजावून सांगत होत्या, तोच सगळ्या मुली एकदम मोठ्याने प्रार्थना करू लागल्या. कोणी रडू लागल्या, कोणी हात उंचावले. रमाबाईंना बोलणे थांबवावे लागले. ख्रिस्ती लोक याला संजीवन म्हणतात. बाहेरून टीका झाली, गोऱ्या मिशनरींतल्या काहींना हा गोंधळ पसंत पडला नाही. रमाबाईंनी आपल्या पत्रिकेत मुलींची बाजू घेतली. हिंदुस्थानातल्या बाया आपल्या स्वभावाप्रमाणे देवापुढे रडतील, ओरडतील, इंग्रजी देवळातल्या शिस्तीचे माप त्यांना लावू नका, असे त्यांचे म्हणणे होते. आम्हाला या प्रसंगात त्या आरडाओरडीपेक्षा दुसरेच मोठे वाटते. सांगणारी पंडिता गप्प झाली आणि दुष्काळातून उचलून आणलेल्या पोरींचे ऐकत उभी राहिली. आणि दुसऱ्या दिवशी दळण, पाणी, शेत, माग, सगळे होतेच.

रमाबाईंचे शेवटचे मोठे काम पुन्हा त्या जुन्या सलीकडे जाते. मराठीत बायबल होते, पण त्याची भाषा जड, संस्कृत शब्दांनी भरलेली. मुक्तीतल्या बायांना ती पेलत नव्हती. रमाबाई स्वतः संस्कृतच्या पंडिता, तरी त्यांनी ठरवले की दळणाऱ्या बाईला एकदा ऐकून कळेल अशा मराठीत सगळे बायबल आणायचे. त्यासाठी उतारवयात हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. पंधरा-सोळा वर्षे हे काम चालले. ते छापले मुक्तीच्याच छापखान्यात. खिळे जुळवणाऱ्या बाया, यंत्र फिरवणाऱ्या बाया, पाने शिवणाऱ्या बाया. यांतल्या कितीजणींना केडगावला येईपर्यंत अक्षर ठाऊक नव्हते! खिळे उलटे असतात हे तुम्हाला माहीत असेल, आरशातल्यासारखे. एकेक ओळ अशी उलटी वाचत, बोटांनी चाचपत त्यांनी सबंध ग्रंथ उभा केला.

१९२१ साली मनोरमा गेली, चाळिशीत. लेकीच्या मागे आई फार दिवस राहिली नाही. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई केडगावला वारल्या. संपूर्ण बायबल छापून बाहेर पडले १९२४ साली.

तुमच्यापैकी कोणाच्या घरी, सासरी-माहेरी, मुक्तीच्या छापखान्यातले जुने पुस्तक असेल तर वाळवीपासून जपा, आणि पुढच्या बैठकीला येताना ताईंना दाखवा. पुढच्या वेळी आपण नगरकडे जाणार आहोत, लक्ष्मीबाई टिळकांच्या गोष्टीला. त्यांचा नवरा ख्रिस्ती झाला तेव्हा त्या किती रागावल्या होत्या, आणि 'स्मृतिचित्रे' त्यांनी कशी लिहिली, ते सांगू. तोवर रामराम.